जुन्या गेमिंग कॅबिनेटमध्ये पैसा कोणत्या क्रमाने घालावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या घरी पुण्याच्या मावसभावाकडून आलेला २०१५ सालचा गेमिंग संगणक आहे. त्यात आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि ‘४५० वॅट’ असे लिहिलेला साधा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. खेळ अडखळत चालतो आणि मे महिन्यात दुपारी अर्धा तास खेळलात की संगणक एकदम बंद पडतो. तालुक्याच्या दुकानदाराने तो मोडीत काढायला सांगितले, मित्राने नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितले, आणि जमवलेले पंधरा हजार रुपये नेमके कशात घालावेत हे तुम्हाला ठरवायचे आहे.

यात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. खेळ अडखळतो तो रॅम, हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या मर्यादेमुळे. संगणक बंद पडतो तो वीज किंवा उष्णता यांच्यामुळे. पहिल्या तक्रारीचा उपाय दुकानात मिळतो. दुसरीचा उपाय बराचसा कॅबिनेट उघडून, आत नीट पाहून आणि घरातली वायरिंग तपासून सापडतो. दुसरी तक्रार तशीच ठेवून पहिलीवर पैसे घातले, तर जास्त वीज ओढणारे नवे कार्ड त्याच थकलेल्या एसएमपीएसवर बसते आणि संगणक पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागतो. मी हिंगणघाटच्या आसपासच्या गावांत अनेक वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि जुन्या गेमिंग संगणकांच्या बाबतीत हाच क्रम चुकलेला मला सर्वांत जास्त वेळा दिसतो.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे: घरात खरे अर्थिंग आहे का, एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, मॉनिटर किती रिझोल्यूशनचा आहे आणि तुम्ही कोणते खेळ खेळता. जिथे यामुळे सल्ला बदलतो तिथे मी तसे सांगेन. सुट्या भागांच्या किमती सतत बदलतात, म्हणून मी आकडे देण्याऐवजी क्रम आणि त्यामागचे कारण देतो.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी एक निरीक्षण करा. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम चालू ठेवून त्यातली नोंद फाइलमध्ये साठवायला सांगा आणि मग नेहमीचा खेळ सुरू करा. संगणक बंद पडल्यावर ती फाइल उघडली की शेवटच्या क्षणाचे तापमान दिसते. तुमच्या पिढीचा प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे केवळ प्रोसेसर तापला असेल तर खेळ बराच वेळ कूर्मगतीने चालतो आणि त्यानंतरही उष्णता वाढतच गेली तर संगणक बंद होतो. नोंदीत प्रोसेसर ७०-७५ अंशांवर आहे, ग्राफिक्स कार्डही ऐंशीच्या खाली आहे आणि तरीही दिवा विझावा तसा संगणक गेला, तर संशय एसएमपीएसवर किंवा घरातल्या विजेवर घ्यावा. बंद पडण्याच्या वेळी शेजारच्या शेतातले मोटारपंप सुरू होतात का, घरातला बल्ब मंद होतो का, हेही लिहून ठेवा. एवढी नोंद हाताशी असली की पुढचा अंदाज बराचसा पक्का होतो.

आता कॅबिनेट उघडा. प्लग भिंतीतून काढा, त्यानंतर समोरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला भार बऱ्याच अंशी निघून जातो. बाजूचा पत्रा काढल्यावर काहीही हलवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी मदरबोर्डवर कोणत्या पिनांवर आहेत याचा जवळून घेतलेला फोटो तर हवाच, कारण एच८१ बोर्डांवर त्या पिनांशेजारची अक्षरे फार बारीक असतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर विद्युत सहज साचते, म्हणून रॅम किंवा कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा आणि सिंथेटिक चादरीवर बसून हे काम करू नका. स्क्रू दोन प्रकारचे निघतील: जाड आट्यांचे हार्ड डिस्कचे आणि बारीक आट्यांचे डीव्हीडी ड्राइव्हचे. ते वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, कारण पुढे एसएसडीला (हार्ड डिस्कऐवजी बसणाऱ्या वेगवान, चिपच्या डिस्कला) बारीक आट्यांचेच लागतात.

आत काय सापडेल ते घर कुठे आहे यावर ठरते. शहरातल्या संगणकात भुरी धूळ असते. आपल्याकडे दिवाळीनंतर वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत घरातच साठवला जातो आणि त्याचे बारीक तंतू पंख्याच्या ओढीने आत जाऊन हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये नमद्यासारखे दाबून बसतात. हा थर वरून दिसत नाही. प्रोसेसरचा पंखा काढला की त्याच्या खाली, पट्ट्यांच्या तोंडाशी तो दिसतो आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा पलीकडे जात नाही. असा थर ब्लोअरने पूर्ण निघत नाही. पंखा वेगळा करून जुन्या टूथब्रशने आणि चिमट्याने तो आधी सोडवावा लागतो आणि नंतर ब्लोअर मारावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने मोकळा पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. ग्राफिक्स कार्डाचा पंखा आणि हीटसिंक यांनाही हेच लागू आहे. एसएमपीएस मात्र उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. त्याच्यावर बाहेरूनच ब्लोअर मारा. मागचे यूएसबी पोर्टही पाहा. बरेच दिवस न वापरलेल्या पोर्टमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि ती माती न काढता पेन ड्राइव्ह रेटला तर आतली जीभ तुटते.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, इतक्या वर्षांत नक्कीच वाळली असेल. इंटेलचा मूळ कूलर (प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक) चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यांच्या डोक्यावरील बाणाच्या दिशेने फिरवून त्या वर ओढल्या की कूलर सुटतो. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून घाई करू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा आणि कूलर बसवताना समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा. चारही पिना मदरबोर्डच्या पलीकडे निघाल्या आहेत हे मागून पाहता येत नसेल तर कूलर हलवून खात्री करा. एक पीन अर्धवट राहिली की प्रोसेसर बघता बघता तापतो. बोर्डवरची नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरीही याच वेळी बदला. ती स्वस्त आहे, आणि घड्याळ मागे पडणे किंवा बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामची) मांडणी पुसली जाणे या तक्रारी तिच्यामुळेच येतात.

आता विजेकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या लोखंडाला उघड्या पायांनी हात लावल्यावर मुंग्या येत असतील, किंवा टेस्टर लावल्यावर तो मंद पेटत असेल, तर तुमच्या घरातल्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विद्युत गोंगाट गाळण्यासाठी असलेले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असते तेव्हा त्यांतली अत्यल्प वीज जमिनीत जाते, आणि अर्थिंग नसते तेव्हा कॅबिनेट पुरवठ्याच्या जवळपास निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह फार थोडा असल्यामुळे सहसा माणसाला मोठी इजा होत नाही, पण असा संगणक डिशची केबल लावलेल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडला की दाबातला फरक त्या बारीक पिनांतून वाहतो आणि ग्राफिक्स कार्डाचा पोर्ट जळू शकतो.

यावर गावातला वायरमन कधीकधी बोर्डातच अर्थची पीन न्यूट्रलला जोडून देतो. ते अजिबात करू देऊ नका. पुढे कुठेतरी न्यूट्रल तुटली तर संपूर्ण कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि त्याला हात लावणारे तुमच्या घरातले लहान मूलही असू शकते. अंगणात कोळसा आणि मीठ घालून रीतसर खड्डा करा, त्यात इलेक्ट्रोड बसवा आणि तिथून वेगळी वायर आणा. यवतमाळ-वर्ध्याकडची काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि इलेक्ट्रोडशी तिचा संपर्क सुटतो. म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. काम झाल्यावर वायरमनला मल्टिमीटरने मोजायला सांगा: फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज आणि न्यूट्रलइतकाच दाब दिसला पाहिजे आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात फक्त काही व्होल्ट. या कामाने खेळाचा वेग वाढणार नाही, तरीही पंधरा हजारांतला पहिला खर्च मी यावरच करायला सांगेन.

दुसरा खर्च एसएमपीएसचा. ‘४५० वॅट’ या मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करून स्टिकरवरील १२ व्होल्टची रांग वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः तिथूनच वीज घेतात. समजा तिथे १६ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट एवढीच त्याची खरी ताकद आहे. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ६० वॅटचे, त्यात हार्ड डिस्क, पंखे आणि बोर्ड यांची भर. म्हणजे भर खेळात तो आधीच काठावर आहे. शिवाय आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते हा धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कॅबिनेटच्या आत काय स्थिती असेल ते वेगळे सांगायला नको. दहा वर्षांच्या एसएमपीएसने दुपारी दम तोडावा आणि रात्री नीट चालावे, यात म्हणून काही नवल नाही.

नवा घेताना ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) आणि १२ व्होल्टवर किमान ३० अँपिअर देणारा घ्या. त्याच्या स्टिकरवर आणखी एक ओळ वाचा जी शहरातला ग्राहक सहसा वाचत नाही: इनपुट १००–२४० व्होल्ट आहे की २००–२४०. आपल्या बाजारात दुसऱ्या प्रकारचेही एसएमपीएस विकले जातात. शेतीचे पंप चालू असताना तुमच्या घरी दाब १८० पर्यंत उतरत असेल तर दुसरा प्रकार तिथे अडखळतो आणि पहिला निमूटपणे चालतो. पहिला घेतला तर कमी दाबासाठी वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज उरत नाही. तुमच्या जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचे सरकते बटण असेल तर ते २३० वरच ठेवा; कमी दाबावर उपाय म्हणून कोणी ते ११५ वर सरकवले तर पुरवठा पूर्ववत होताच एसएमपीएस फुटतो. घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते पाहा, कारण चौकोनी लहरीवर नव्या पद्धतीचे एसएमपीएस कधीकधी बंद पडतात. आणि मृगाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढून ठेवा, सोबत इंटरनेटची तांब्याची केबलही; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

हवेबद्दल. त्या काळातल्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला असतो आणि प्रोसेसरची गरम हवा तोच ओढून घेतो. म्हणून मागे १२० मिलिमीटरचा, हवा बाहेर टाकणारा एक पंखा आणि समोर खालच्या बाजूला हवा आत घेणारा एक, एवढे दोन बसवा. अशा बोर्डवर पंख्याचे जोड थोडेच असतात. जागा नसेल तर दुसरा पंखा एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोलेक्स जोडावरून चालवा. समोरच्या जाळीला आतून बारीक जाळीचे कापड किंवा तयार डस्ट फिल्टर लावा आणि कापसाच्या दिवसांत तो दर आठवड्याला झटका. उन्हाळ्यात बाजूचा पत्रा काढून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा, कारण त्याने हवेचा प्रवाह मोडतो आणि पाल, मुंग्या, उंदीर यांना वाट मिळते. खोलीतला कूलर संगणकाला उपकारकच आहे, मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार त्या झोताबरोबर येतात आणि बोर्डवर पांढरे क्षार सोडतात.

इथवर अर्थिंग, सफाई, पेस्ट, एसएमपीएस आणि दोन पंखे झाले. संगणक आता मे महिन्यात दुपारीही बंद पडता कामा नये. तो बंद पडत नाही हे आठवडाभर पाहा आणि मगच उरलेले पैसे खेळाकडे वळवा.

त्यातला पहिला खर्च एसएसडीचा. तुमच्या बोर्डवर साटाचे (डिस्क जोडण्याचे) चार जोड असतील तर त्यांतले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात; एसएसडी पहिल्या प्रकारच्या जोडावर लावा आणि बायोसमध्ये डिस्क चालवण्याची एएचसीआय ही पद्धत निवडलेली आहे का ते पाहा. चांगली साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते, तुमची हार्ड डिस्क त्याच्या पाव भागाच्या आसपास. पण खरा फरक लहान-लहान फाइली वाचताना पडतो आणि खेळातले मोठे नकाशे उघडताना येणारे हिसके त्यामुळे कमी होतात. जुन्या कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसेल तर एसएसडी हार्ड डिस्कच्या खणात एका बाजूच्या दोन स्क्रूंवर बसवली तरी चालते. तिच्यात फिरणारे काही नसते. जुनी हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तपासा. बदललेल्या सेक्टरांचा (खराब झाल्याने बाजूला टाकलेल्या भागांचा) आकडा वाढत असेल तर तिच्यावरचे घरचे फोटो आणि सातबाराचे कागद आधी दुसरीकडे उतरवा.

रॅमच्या बाबतीत एच८१ ची मर्यादा दोन खाचा आणि १६ जीबी आहे, म्हणजे आठ-आठच्या दोन डीडीआर३ रॅम. जुन्या खेळांना ८ जीबी पुरते, गेल्या काही वर्षांतल्या खेळांना नाही. ऑनलाइन विकत घेताना वर्णनात ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिले असेल तर ती रॅम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. तिची चिपची रचना वेगळी असते आणि तुमच्या बोर्डवर ती चालत नाही.

ग्राफिक्स कार्ड आता. तुमच्या कार्डाला बहुधा २ जीबीची मेमरी असेल आणि तिथेच ते कमी पडते. त्याशिवाय एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर ७५० टीआय आणि १०५० टीआय यांच्या पिढ्यांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर थांबवले आहेत, म्हणून वापरलेले १०५० टीआय स्वस्तात मिळाले तरी मी ते घ्यायला सांगणार नाही. माझी पसंती ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० ला आहे: ते ७५ वॅटचे आहे, त्याचे बरेच नमुने थेट खाचेतून वीज घेतात आणि तुमच्या प्रोसेसरशी त्याचा मेळ बसतो. आरएक्स ६४०० कागदावर चांगले दिसते, पण ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने (माहितीच्या वाटांनी) बोलते आणि एच८१ ची जुनी पीसीआय एक्सप्रेस २.० खाच त्याला बरेच मागे ओढते. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल आणि खेळ जुने असतील, तर आधी एसएसडी आणि रॅमवर खेळून पाहा. कार्डाची गरज कदाचित उरणारही नाही. वापरलेले कार्ड नागपूरला सीताबर्डीत घेतले तर दुकानातच कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम चालवून दाखवायला सांगा, कारण जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात आणि हा प्रोग्राम बरीच बनावट कार्डे ओळखतो. जाण्यापूर्वी खाचेपासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंतचे अंतर टेपने मोजून न्या.

प्रोसेसर सर्वांत शेवटी. वापरलेला आय७-४७९० मिळाला तर तो तुमच्या बोर्डवर सहसा थेट चालेल, कारण तो आणि तुमचा ४४६० एकाच २०१४ सालच्या तुकडीतले आहेत आणि दोन्ही ८४ वॅटचे आहेत. चारऐवजी आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) मिळतात. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, तेव्हा या सॉकेटवर (प्रोसेसरच्या या जुन्या बैठकीवर) आणखी मोठी रक्कम घालणे मला पटत नाही. प्रोसेसरसाठी ठेवलेले पैसे बाजूला टाका.

ते पुढे नव्या बोर्डला लागतील आणि त्या वेळी हे कॅबिनेट फेकावे लागणार नाही. मदरबोर्डच्या भोकांची एटीएक्स मांडणी १९९५ पासून चालत आली आहे, त्यामुळे आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्डही याच जागी बसतो. नवा एसएमपीएस, एसएसडी, पंखे आणि कार्डही तिथेच पुढे चालतील. फक्त बोर्ड बदलताना पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते उंचवटे) नव्या भोकांशी जुळवून पाहा आणि ज्याच्यावर भोक येत नाही तो काढून टाका, कारण तो मागच्या सोल्डरला टेकला तर बोर्ड सुरूच होत नाही.